दर दोन महिन्यांनी नव्या मुठी

आयुष्यात मी कुठली वस्तू सगळ्यात जास्त वेळा विकत घेतली असेल, तर ती सायकलच्या हँडलच्या रबरी मुठी. दुकानदार त्यांना ग्रिप म्हणतात. साध्या काळ्या सायकलला मुठींची एक जोडी बसवली की पाच-सात वर्षं तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. टायर झिजतं, चेन ताणली जाते, ब्रेकचे गुटके संपतात, मूठ आपली जागच्या जागी असते. आमच्या घरी एक जोडी कशीबशी दोन महिने टिकायची.

नाशिकच्या द्वारका चौकातल्या एका दुकानदाराने चौथ्या खेपेला मला विचारलं, "ताई, मुठी काय तळून खाता का?" विचारताना तो हसत होता, पण नजर हसत नव्हती. मी त्याच्याकडून घाऊक भावात घेऊन आमच्या भागात चढ्या भावाने विकते, असा त्याचा पक्का समज झाला होता. पुढच्या वेळी त्याने भाव वाढवून सांगितला. मग मी नाशिक रोडला एक दुकान शोधलं, मग भद्रकालीत एक, मग बुधवारच्या बाजारात पोत्यावर जुने सुटे भाग मांडून बसणारा एक म्हातारा. कोणाकडेही वर्षातून दोनदापेक्षा जास्त जायचं नाही, असा नियम केला. एवढी लपवाछपवी लोक चोरीच्या मालासाठी करत असतील. मी ती मुठींसाठी केली आणि दहा-बारा वर्षं केली.

कारण सांगण्यासारखं नव्हतं. आता ज्यांची ती सायकल होती ते राहिले नाहीत, म्हणून सांगते.

ते माझे वडील. मी त्यांना नाना म्हणायचे. मूळचे सायखेड्याकडचे, पण लग्नानंतर शहरात आले ते कायमचे. सातपूरच्या एका कारखान्यात ते गेटवर होते. त्या कारखान्यात बेअरिंग बनायची आणि त्यात घालायचे पोलादी छर्रेही, ज्वारीच्या दाण्यापासून बोराएवढ्या आकारापर्यंतचे. पाळी सुटली की कामगारांचे डबे उघडून बघायचे, खिसे चाचपायचे, पिशव्या उलट्या करायच्या, हे नानांचं काम. नोकरीमुळे ते संशयी झाले की संशयी होते म्हणून नोकरी मिळाली, हे आईलाही सांगता आलं नसतं. दूधवाल्याचं माप ते बोट बुडवून बघायचे. रॉकेल आणलं की बाटली उजेडात धरायचे. पाहुण्यांनी आणलेल्या पेढ्यांच्या खोक्याची गाठ सोडलेली-बांधलेली तर नाही ना, हे बघूनच खोकं आत जायचं. मी त्यांची एकुलती एक मुलगी, आणि हा गुण माझ्यात पुरेपूर उतरला होता. बारावीत असताना मैत्रिणीने वही परत दिली तरी मी पानं चाळून बघायचे.

नानांना त्या गेटवर आठ वर्षं झाली होती आणि आठही वर्षं ते ठेकेदाराचे माणूस म्हणून होते. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं, आणि त्या वर्षी गेटवरच्या दोघांना कंपनीत कायम करणार अशी बोलणी चालली होती. साहेबांनी नानांना तसं तोंडी सांगितलंही होतं. कायम. या एका शब्दावर आमच्या घरात सगळं टांगलेलं होतं. नाना कायम झाले की मला नर्सिंगला घालायचं ठरलं होतं. मी शेजारच्या बायकांना त्यांच्या मुलांचा ताप बघून आत्तापासूनच सल्ले देत होते.

आता सायकल. नाना तिच्यावरच कामाला जायचे, आणि ती इतकी जुनी होती की महिन्याला काहीतरी बदलावंच लागायचं. नवा भाग घ्यायचा तर स्वस्तात घ्यायचा आणि फसायचं नाही, यासाठी नानांची एक पद्धत होती. सायकलच्या प्रत्येक भागावर त्यांनी पंच ठोकून तीन टिंबं उमटवली होती. पेडल, रिम, हब, घंटी, अगदी मडगार्डच्या बोल्टवरसुद्धा. दुरुस्तीवाला चांगला भाग काढून घेतो आणि त्या जागी डुप्लिकेट बसवतो, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. म्हणून टिंबं. दुसरा नियम असा की जो भाग बदलला तो जुना भाग आपल्या हातात परत घ्यायचा आणि घरी आणायचा, म्हणजे खरंच बदलला याची खात्री. आमच्या पलंगाखाली डालड्याचा एक मोठा डबा या मेलेल्या भागांनी भरलेला होता. आई त्याला मसणवटा म्हणायची.

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर लिंबाखाली एक सायकलवाला टपरी टाकून बसायचा. नामपूरकडचा होता, बोलण्यात अहिराणी डोकावणारा, दोन-तीन वर्षांपूर्वीच आलेला. गोड बोलायचा आणि स्वस्त करायचा. दुसरीकडे ज्या कामाला जे पडेल त्याच्या निम्म्यात. नानांच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. "स्वस्त करतो म्हंजी कुठंतरी कापतो," ते म्हणायचे. पण खिसा बघता दुसरीकडे जाणं परवडत नव्हतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी सायकल घेऊन मी जायचे, टपरीपुढच्या स्टुलावर बसायचे आणि डोळ्यांत तेल घालून त्याच्या हातांकडे बघत राहायचे. नानांची आज्ञाच होती तशी.

दर आठवड्याला जावं लागायचं, कारण कॉटर पिन. पेडलचा दांडा ज्या खिळीने आसाला घट्ट धरलेला असतो ती ही पिन. आमची पिन आठ दिवसांत झिजायची, आणि पेडल मारताना खट् खट् असा आवाज येऊ लागायचा. मी तक्रार केली की तो म्हणायचा, "ताई, काळजी काय करायची, मी शे ना. आठवड्याला आणत जा, फुकट घट्ट करून देतो." आणि खरंच द्यायचा. वर सायकल टपरीमागे नेऊन रॉकेलने पुसून आणायचा, त्याचेही काही घ्यायचा नाही. टपरीमागचं मला काही दिसायचं नाही. सायकल परत आली की मी एकेक टिंब तपासायचे. सगळी जागच्या जागी असायची. एकदाही एकही भाग बदललेला सापडला नाही. याचा मला आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगायचं तर थोडी निराशाच व्हायची.

एकदा मागचं चाक करकरायला लागलं. त्याने चाकाच्या मधला हब उघडला, आतले छर्रे झिजून वेडेवाकडे झाले होते. नियमाप्रमाणे जुने माझ्या ओंजळीत टाकले आणि नवे बसवले. भाव इतका कमी सांगितला की मी दोनदा विचारलं. एक छर्रा उरला होता, तो मी नानांना दाखवायला मागून घेतला.

नानांनी तो अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून फिरवला. मग दारात उजेडात नेला. परत फिरवला.

"हा आमच्याकडला हाय," ते म्हणाले.

आई म्हणाली, "छर्ऱ्यावर काय नाव लिव्हलंय का?"

"रोज बघतो मी. बाजारातल्याला ही झाक नसती."

म्हणजे कारखान्यातून माल बाहेर जात होता, आणि तो त्यांच्या गेटमधून जात होता, त्यांच्या नाकाखालून. नाना त्या दिवशी नीट जेवले नाहीत. सायकलवाल्याला त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं तर तो सावध होईल आणि आणून देणारा हात सापडायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. मला म्हणाले, "गाडी तिथंच नेत जा. कोण येतं, कोण काय देतं, बघून ठेव. बोलायचं नाय कुठं."

मग मी टपरीपुढची टेहळणीबाईच झाले. पंक्चर काढायला आलेला पोस्टमन, हवा भरायला आलेली शाळेची पोरं, पिशवी घेऊन आलेला जो तो, सगळ्यांवर माझी नजर. एका माणसाने सायकलवाल्याला कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिलं, तेव्हा मी स्टुलावरून उठून पुढे झाले. ते वडापाव निघाले.

गेटवर नानांनी जे चालवलं होतं ते तर विचारूच नका. डबा उघडून भागत नाही म्हणून ते चमच्याने भाजी ढवळायला लागले. पाण्याच्या बाटल्या हलवून बघू लागले. आमच्या ओळीतच राहणारा एक शेजारी त्या कारखान्यात लेथवर होता. त्याच्या उरलेल्या भाकरीचे नानांनी सगळ्यांसमोर दोन तुकडे करून बघितले. त्याने त्या दिवसापासून आमच्याशी बोलणं टाकलं. त्याची बायको नळावर आईच्या हंड्याआधी आपला हंडा रेटायला लागली. साहेब मात्र खूश होते. त्यांनी नानांना बोलावून सांगितलं की यादी वर गेली आहे आणि तुमचं नाव पहिलं आहे.

नानांनी ज्याला सोडलं होतं असा एकच माणूस, कँटीनचा चहावाला. तो दोन वेळा गेटच्या केबिनमध्ये चहा आणून द्यायचा, गप्पा मारायचा, आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचा. त्याच्या किटलीत नानांनी दोनदा डोकावून बघितलं, मग त्यांनाच लाज वाटली. केबिनमध्ये नाना चहा प्यायचे, आणि केबिनच्या मागच्या भिंतीला त्यांची सायकल टेकलेली असायची.

एका सुट्टीच्या दिवशी मी गेले तर टपरी बंद. गावाला लग्नाला गेला आहे, चार-सहा दिवस येणार नाही, असं पानवाल्याने सांगितलं. पिन तर इतकी ढिली झाली होती की पेडल अर्ध्यात सटकायचं. नाना म्हणाले, द्वारकेला घाऊक दुकानं आहेत, तिथे पिन स्वस्त मिळेल, जाऊन ये. मी एकाच पायाने जोर देत, मधे मधे उतरून चालत, द्वारकेपर्यंत गेले.

तिथल्या पहिल्याच दुकानातल्या माणसाने पेडल हलवून बघितलं, पिन काढली आणि तोंड वाकडं केलं. "ही कोणी घातली? कच्चं लोखंड आहे. मुद्दाम शोधून आणली तरी इतकी वाईट मिळायची नाही."

मी काही बोलायच्या आत त्याने सायकल उचलली आणि उलटी केली. सीट आणि हँडल जमिनीवर, चाकं वर. सगळेच सायकलवाले काम करताना तशी करतात. आणि हँडलच्या आत काहीतरी सरकत गेल्याचा आवाज आला, सुपात ज्वारी घोळावी तसा.

आम्ही दोघंही थांबलो. मला त्याच क्षणी आठवलं की लिंबाखालच्या आमच्या सायकलवाल्याने सायकल कधीही उलटी केली नव्हती. आडवी पाडायचा, दोरीला टांगायचा, पण उलटी कधी नाही.

त्याने उजवी मूठ पिरगाळून ओढली. आत तेलकट चिंध्यांचा बोळा होता. बोळ्याच्या कडेने दोन छर्रे निसटून फरशीवर पडले आणि टणटणत नालीकडे गेले.

"सायकल तुमचीच ना, ताई?"

"वडिलांची."

"वडील काय करतात?"

"कारखान्यात गेटवर असतात."

"गेटवर," तो म्हणाला. मग त्याने सावकाश मान हलवली, बोळा परत आत कोंबला आणि मूठ बसवली. त्याला सगळं कळलं होतं. निदान त्याला तसं वाटलं होतं. त्याने पिन बसवली, पैसे घेतले आणि म्हणाला, "मी काही बघितलं नाही. पुन्हा इकडे आणू नका."

परत येताना त्र्यंबक रोडला एका बंद शाळेच्या भिंतीआड मी थांबले. ओढणी पसरली, दोन्ही मुठी काढल्या आणि हँडल रिकामं केलं. ओंजळी ओंजळीने छर्रे निघाले. नवे, कोरे, तीच झाक असलेले. मी ओढणीची गाठ मारली आणि कितीतरी वेळ तिथेच बसून राहिले.

सायकलवाला निम्म्या भावात का करत होता, हे आता लख्ख दिसत होतं. कच्ची पिन मुद्दाम घालायची, म्हणजे सायकल दर आठवड्याला टपरीवर येईल. रॉकेलने पुसायच्या निमित्ताने मागे न्यायची आणि मुठी काढायच्या. आम्ही दोघं बापलेक सायकलमधून काय काढून घेतात याच्यावर पहारा देत बसलो होतो. तिच्यात काय घालतात हे बघायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. त्या गेटमधून जाणारी एकच सायकल अशी होती की जी कोणी तपासत नव्हतं.

इथवर विचार सरळ होता. पण भरत कोण होतं? आणि द्वारकेच्या माणसाची ती सावकाश हललेली मान माझ्या डोळ्यांपुढून जाईना. सायकल तिथंच नेत जा, असं मला कोणी सांगितलं होतं? सायकलवाल्याला काही विचारायचं नाही, कुठे बोलायचं नाही, हे कोणी सांगितलं होतं? दिवाळीत आईला नवा कुकर आला, तो ओव्हरटाइमचा आहे असं नाना म्हणाले होते. मी तेव्हा विचारलं नव्हतं. आता विचारत होते, मनातल्या मनात.

घरी आल्यावर मी गाठोडं तांदळाच्या डब्यात खाली दडवलं आणि रिकाम्या हँडलवर मुठी बसवून ठेवल्या. नानांना काही सांगितलं नाही. त्यांच्यावरच पाळत ठेवायची ठरवली. हे लिहितानाही मला वाईट वाटतं, पण ठरवलं हे खरं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी सायकल बाहेर काढली, हँडल दोनदा हलवून बघितलं आणि घराकडे वळून बघितलं. मग त्यांनी आईला हाक मारून फडकं मागितलं आणि सीट पुसली. संध्याकाळी विचारलं, "टपरी उघडली का?" ते नेहमीच असं विचारायचे, पण त्या दिवशी मला त्यात वेगळंच काही ऐकू आलं. रात्रीचा भात करताना मी आईला आडून आडून विचारलं की नाना कधी कंपनीतलं काही घरी आणतात का. आईने पळी खाली ठेवली. "ह्या माणसानं आजवर सुतळीचा तोडा आणला नाय तिथून. का गं?" मी म्हटलं, सहज.

चौथ्या दिवशी, पहिली पाळी करून नाना घरी आले आणि पाय धुवायला मोरीत गेले, तेव्हा मी अंगणात जाऊन मूठ ओढली. आत नवा बोळा होता. हँडल पुन्हा भरलेलं होतं.

नाना टॉवेलने पाय पुसत बाहेर आले. मी त्यांच्यासमोर बोळा काढला आणि सायकल तिरकी केली. छर्रे अंगणातल्या फरशीवर सांडले, चारी बाजूंना गेले, एक त्यांच्या अंगठ्याला लागून थांबला. त्यांनी वाकून तो उचलला आणि बोटांत फिरवला. झाक बघायला उजेडात न्यावा लागला नाही. मी त्यांना द्वारकेचं सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते.

मी तिथे थांबायला हवं होतं. पण चार दिवस पोटात धरलेलं ओठांवर आलंच.

"नाना, तुम्हाला ठाऊक होतं?"

तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. आपली भाकरी मोडली गेली तेव्हा आमच्या शेजाऱ्याने त्यांच्याकडे जसं बघितलं असेल तसं बघितलं असावं. माझ्याकडे आजवर दुसऱ्या कोणीच तसं बघितलेलं नाही. मग म्हणाले, "समदे गोळा कर. एक बी ऱ्हाता कामा नये."

मी कोपऱ्या-कोपऱ्यातून गोळा केले. तांदळाच्या डब्यातलं गाठोडंही आणून दिलं, ते एका पिशवीत घालून त्यांनी कॅरिअरला लावलं. बाकीचे त्यांनी स्वतः हँडलमध्ये परत भरले, बोळा कोंबला, मूठ बसवली. का भरता, असं मी विचारलं नाही. पण माझा संशय त्या वेळी कमी व्हायच्या ऐवजी वाढला होता, हेही लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी नाना गेले ते नेहमीच्या वेळी आले नाहीत. त्यांच्या आधी शेजारी आला, तो लेथवाला. कित्येक महिन्यांनी आमच्या दारात उभा राहिला आणि आईकडे पाणी मागितलं. त्याने सांगितलं ते असं. पाळी सुटली, गेटवर रांग लागली, आणि नाना गेटवर उभे राहायच्या ऐवजी आपली सायकल घेऊन रांगेत उभे राहिले. जोडीदाराला म्हणाले, माझी तपास. तो हसायला लागला. मग नानांनी साहेबांना बोलावून आणायला लावलं, कॅरिअरवरची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि सगळ्यांसमोर दोन्ही मुठी ओढून काढल्या. छर्रे रांगेतल्या माणसांच्या पायांतून सैरावैरा गेले. एकानेही वाकून उचलला नाही.

साहेबांनी विचारलं, कोणी भरले.

"ते ठाऊक नाय," नाना म्हणाले. "पन सायकल माझी हाय, अन् गेट बी माझंच व्हतं."

शेजाऱ्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. आईला म्हणाला, "वहिनी, तेवढं बोलून हा माणूस गप उभा राहिला बघा. कोणाचं नाव नाही घेतलं." जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझ्या बापाने माझी भाकरी मोडली त्याचा राग होता मला. आता नाही."

दुसऱ्या दिवसापासून चहावाला कामावर आला नाही, तो पुन्हा कधीच दिसला नाही. लिंबाखालची टपरीही उघडली नाही. कोडं सुटलं, पण त्याने नानांचं काही सुटलं नाही. साहेब चांगले होते. ते म्हणाले, तुमच्यावर विश्वास आहे, पण ज्याच्या सायकलमधून माल गेला त्याला गेटवर कसा ठेवू? यादीतलं नाव खोडलं गेलं. कामावरून काढलं नाही, कारखान्याच्या पुढे बाग होती तिथे झाडांना पाणी घालायला लावलं. ठेकेदाराचे माणूस होते, शेवटपर्यंत ठेकेदाराचेच राहिले. आणि निम्मे लोक असंच म्हणत राहिले की वाटणीवरून भांडण झालं असेल म्हणून याने नाटक केलं. तसं म्हणणाऱ्यांचे डबे नानांनी वर्षानुवर्षं उघडून बघितले होते, त्यांना तरी काय बोलणार?

माझं नर्सिंग राहिलं. मी एका दवाखान्यात केसपेपर लिहायला लागले. ते छर्रे मी गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, टाकून दिले असते आणि गप्प बसले असते तर, हा विचार मी शेकडो वेळा केला आहे. मला पांढरा गणवेश हवा होता, खूप हवा होता. पण त्याहूनही जास्त वेळा मला तो एक प्रश्न आठवला आहे, आणि तो परत घेता येत नाही.

बागेतल्या कामाच्या पहिल्या दिवशी नाना घरी आले. सायकल दारात स्टँडवर लावली. कॅरिअरवरून डबा काढला, झाकण उघडलं आणि माझ्यासमोर धरला. रिकामा, कडेला भाजीचं तेल लागलेला. मग पँटचे दोन्ही खिसे बाहेर काढून दाखवले. मग सायकलकडे वळले, उजवी मूठ पिरगाळून काढली, डावी काढली, आणि हँडल माझ्याकडे तिरकं केलं.

"बघ," म्हणाले.

"नाना, हे काय? राहू द्या."

"नियम समद्यांना सारखा."

मला वाटलं, चार दिवस करतील, राग निवळला की थांबतील. पण राग नव्हताच. ते माझ्याशी पूर्वीसारखंच बोलायचे, चेष्टा करायचे, माझ्या हातचं पिठलं दोनदा मागून घ्यायचे. फक्त रोज संध्याकाळी आधी डबा, मग खिसे, मग मुठी. आई एकदा रडली, पोरीला किती दिवस शिक्षा करणार म्हणाली. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "शिक्षा कसली? तपासनी हाय," म्हणाले.

रोज ओढून काढलेली मूठ किती दिवस टिकणार? आठ-पंधरा दिवसांत ढिली व्हायची, महिन्याने चिरायची, दोन महिन्यांत फाटायची. मी नव्या आणायचे. एकदा मी पंक्चरचं सोल्युशन लावून मुठी पक्क्या चिकटवून टाकल्या. नाना कामावरून आले, त्यांना मूठ हलेना. त्यांनी घरातून सुरी आणली, अंगणात बसून अर्धा तास खरवडून दोन्ही मुठी काढल्या आणि हँडल मला दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बाजारात.

माझं लग्न झालं ते दोन गल्ल्या सोडून. तेव्हापासून नाना कामावरून सुटले की आधी माझ्या दाराशी थांबायचे. नवऱ्याला मी सांगितलं की म्हाताऱ्यांची सवय आहे. पुढे काम सुटलं, तरी ते भाजी आणायला सायकलवरच जायचे आणि येताना थांबायचे. तोवर सगळ्यांच्या दारात हप्त्यावरच्या मोटारसायकली आल्या होत्या. काळ्या सायकलचे भाग मिळेनासे झाले. दुकानात गिअरच्या सायकलच्या रंगीत मुठी असायच्या, त्या आमच्या हँडलला बसायच्या नाहीत. बुधवारच्या बाजारातला तो म्हातारा मात्र कुठून तरी काढून द्यायचा. एका जोडीला तर तीन टिंबं होती असं मला वाटलं, नीट बघितलं तर ते चिकटलेले वाळूचे कण होते.

शेवटच्या वर्षात नानांचे हात थरथरायचे. मूठ ओढायला वेळ लागायचा. मी मदत करायला गेले तर हात बाजूला सारायचे.

मी दर वेळी म्हणायचे, "नाना, राहू द्या ना." मनापासून म्हणायचे. पण म्हणता म्हणता माझी मान खाली व्हायची आणि मी त्या लोखंडी नळीला डोळा लावायचे. इतक्या वर्षांत एकदाही चुकवलं नाही. आधी उजवीकडून, मग डावीकडून. नाना हँडल तिरकं धरून माझं बघून होईपर्यंत उभे राहायचे, आणि मग मुठी परत बसवून घरी जायचे.